बेस कॅम्पवरचा कॅमेरा

वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत तो कारकून होता. तराजूवर शिक्का मारायला साहेब जात. कोणत्या दुकानातल्या कोणत्या तराजूवर कधी शिक्का पडला, एवढं रजिस्टरात उतरवायचं काम याचं. पण वीस वर्षं त्या रजिस्टरात मान घालून त्याची अशी समजूत झाली होती की जगातली प्रत्येक वस्तू मुळात खोटी असते आणि तिचं खोटं पकडायला देवाने आपल्यालाच पाठवलंय. इमारतीतले लोक त्याला 'इन्स्पेक्टर' म्हणत. ही थट्टा आहे हे त्याला सोडून सगळ्यांना कळत होतं. तो मान हलवून ती पदवी स्वीकारायचा.

बायकोला मात्र तो पहिल्या वर्षातच कळला होता. ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. आठ तास एकच काम, अमक्या गावाची गाडी कधी, तमक्या फलाटावर कोणती. स्थानकावर तिला सगळे चौकशीबाई म्हणत. तिथे बसून ती एक गोष्ट शिकली होती. ज्याला खरंच जायचं असतं तो एकच प्रश्न विचारतो आणि पळत सुटतो. सात प्रश्न विचारणारा कुठेही जात नाही. तो परत घरीच जातो.

इन्स्पेक्टरने पंचेचाळिशीत बाईक घेतली. बोजड, काळी, चालू केली की तळमजल्यावरची भांडी वाजायची. मग जर्किन आलं, हातमोजे आले, गुडघ्यांना बांधायच्या ढाली आल्या. दातांच्या एका डॉक्टराने आठ जणांचा ग्रुप केला होता, त्यात हा नववा शिरला. दर रविवारी सहाला निघायचं, घाट चढून वर जायचं आणि एकला परत यायचं. परत आला की जेवताना घाट सुरू. "सातव्या वळणावर आज काय झालं..." म्हणून तो हात असे वळवायचा की आमटीची वाटी धोक्यात यायची. एकुलती एक लेक, बबडी, हनुवटीला हात लावून ऐकायची. तिला आपला बाप म्हणजे कोण आणि कोण वाटायचा. बायको वाटी बाजूला सरकवून वाढायची.

अशी दोन वर्षं गेली. मग कुणीतरी म्हणालं, "इन्स्पेक्टर, एकदा दाखवा की तुमचा घाट. हल्ली सगळे हेल्मेटला कॅमेरा लावतात म्हणे."

झालं. त्या दिवसापासून घरात कॅमेऱ्याची निवड सुरू झाली.

एक वही केली. वहीत रकाने पाडले. हादरे बसले तरी चित्र हलू नये याची सोय कशी, पाणी लागलं तर काय, बॅटरी किती वेळ, किती रुंद कोनातलं दिसतं, वाऱ्यात आवाज कसा येतो. बाजारात आलेला प्रत्येक कॅमेरा त्या रकान्यांत उभा केला जाई आणि कुठे ना कुठे लाल फुली खाऊन खाली बसे. हा हलतो, तो तापतो, तिसऱ्याचं झाकण सैल. नव्वद टक्के जमलं की उरलेल्या दहांसाठी हा नाक मुरडणार. लग्नाला मुलगी बघायला आल्यासारखा चालला होता प्रकार, आणि नवरदेवाची बोहल्यावर चढायची तयारी नव्हती.

"अहो, त्या दुकानदाराला तरी दया करा," एकदा बायको म्हणाली. फोटोवाल्याचं दुकान स्थानकाच्या समोरच होतं. तिला खिडकीतून दिसायचं की हा शनिवारी चार वाजता आत जातो आणि साडेपाचला रिकाम्या हाताने बाहेर येतो.

"घाईत घेतलं की फसतो माणूस," इन्स्पेक्टर म्हणाला. "तुला नाही कळायचं. तुझं काम काय, गाडी आली, गाडी गेली."

"हो ना. माझ्या गाड्या निदान जातात."

त्याने ऐकलं नाही. टोमणा ऐकायला कान लागतो, तोही त्याला तपासलेला लागला असता.

दहा महिने हे सहन झालं, कारण त्यात कुणाचं काही जात नव्हतं. मग बबडीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. कॉलेज घाटापलीकडच्या शहरात, राहायचं वसतिगृहात. बुधवारी हजर व्हायचं होतं. पत्र आलं त्या संध्याकाळी इन्स्पेक्टर उभा राहिला आणि म्हणाला, "माझी लेक बसने जाणार नाही. मी सोडणार तिला. बाईकवरून. घाटातून. आणि सगळं शूट करणार."

बबडीने टाळ्या वाजवल्या. "बाबा! खरंच?"

"आणि सामान?" बायकोने विचारलं.

"सामान बसने पाठवू."

"म्हणजे पेटी बसमध्ये आरामात आणि पोरगी रस्त्यावर?"

"आई, तू ना," बबडी म्हणाली. "बाबा दर रविवारी जातात. तीन वर्षं."

दर रविवारी जातो हे खरंच होतं. बायको पेटी भरायला लागली, पण मनातली धाकधूक गेली नाही. सकाळी देवापुढे दिवा लावताना ती रोज एकच म्हणायची, 'पोरीला नीट पोचव.' आणखी काही मागायची तिला सवय नव्हती.

त्या शनिवारी फोटोवाल्याने हात टेकले. काउंटरवरचा दाखवायचा कॅमेरा उचलून त्याने इन्स्पेक्टरच्या हातात कोंबला. "साहेब, न्या. उद्या घाटात वापरा. सोमवारी पैसे द्या नाहीतर कॅमेरा द्या. पण आता एकही प्रश्न विचारू नका, तुम्हाला तुमच्या देवाची शपथ."

कॅमेरा आयता हातात पडला तेव्हा इन्स्पेक्टरचा चेहरा आनंदाने फुलायला हवा होता. तो पडला. बायकोने ते पाहिलं, पण अर्थ तिला तेव्हा लागला नाही.

रविवारी पहाटे तो आत आरशासमोर बराच वेळ होता. मग हेल्मेट घालून, कपाळावर तो काडेपेटीएवढा कॅमेरा मिरवत खाली उतरला. फाटकाशी लेक होती, दोन शेजारी होते. त्याने बोट वर नेलं आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याने टीं टीं केलं. "सुरू," तो भारदस्त आवाजात म्हणाला. "आता थेट घाटमाथ्यावरच बंद करणार." भांडी वाजली, बाईक गेली.

साडेनऊला नेहमीसारखा त्याचा फोन आला. "पोचलो वर! अगं, वारा काय सुटलाय! ऐकू येतोय का?" फोनमध्ये नुसतं भर्र भर्र चाललं होतं. "येतोय," ती म्हणाली. "जपून या."

दुपारी तो परत आला आणि हेल्मेट टेबलावर आपटून म्हणाला, "बॅटरीने दगा दिला. काहीच आलं नाही. मला वाटलंच होतं. आणखी एक फुली." हे म्हणताना मात्र त्याचा चेहरा फुललेला होता. दोन घास जास्त जेवला आणि आडवा झाला.

सोमवारी कॅमेरा परत द्यायचं काम अर्थातच बायकोकडे आलं, दुकान तिच्या समोर म्हणून. जेवणाच्या सुट्टीत ती गेली. फोटोवाल्याने कार्ड काढलं, आपल्या कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि भुवया वर केल्या.

"वहिनी, ह्यात आहे बरंच काही. पुसू का ठेवू?"

"काही नसेल हो. बॅटरी गेली म्हणाले ते."

"बॅटरी गेली, पण पावणेदोन तास घेऊन मग गेली." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "काय झालंय, ह्याचं बटण एकच. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. साहेबांनी घरातच दाबून ठेवलं होतं. म्हणजे निघताना सुरू केला असं त्यांना वाटलं, तेव्हा तो बंद झाला. आणि बंद करायला गेले तेव्हा सुरू." तो हसू दाबत म्हणाला, "मला बॅटरीतल्या रसायनाबद्दल विचारलं होतं हो त्यांनी. बटणाबद्दल नाही."

त्याने लावलं. आधी घरातला आरसा आला. आरशात हेल्मेटमधला इन्स्पेक्टर. गाल आत घेतोय, हनुवटी पुढे काढतोय. "नमस्कार मित्रांनो," तो आरशाला म्हणाला. मग आवाज जाड करून पुन्हा, "नमस्कार, मित्रांनो." असं पाच वेळा.

मग एकदम चहाचं दुकान आलं. घाटाच्या पायथ्याला पेट्रोल पंपाशेजारी आहे ते. बसचे ड्रायव्हर तिथे थांबतात, म्हणून तिला ऐकून माहीत होतं. हेल्मेट टेबलावर ठेवलेलं असणार. कोन इतका रुंद होता की दुकानातलं काही म्हणता काही सुटलं नव्हतं. चुलीपासून दारापर्यंत सगळं आणि मधोमध, दोन खुर्च्या जोडून, जर्किनची बटणं सोडून बसलेला इन्स्पेक्टर. शेजारच्या बाकावर आठ जर्किनं, आठ पिशव्या.

डॉक्टर दारातून ओरडला, "काय बेस कॅम्प! नीट सांभाळा हं सामान. तासा-दीड तासात येतो खाली."

"निश्चिंत जा, डॉक्टर," इन्स्पेक्टर म्हणाला. बाहेर बाईक सुरू झाल्याचे आवाज आले आणि लांब गेले.

फोटोवाला सज्जन होता. "मी जरा आत आहे," म्हणून तो पडद्यामागे गेला. चौकशीबाई काउंटरशी उभी राहून, चित्र पुढे पुढे सरकवत बघत राहिली. इन्स्पेक्टरने पेपर वाचला. इन्स्पेक्टरने डुलकी काढली. तोंड उघडं, एक माशी येऊन गेली. मग उठला, घड्याळ पाहिलं, मोबाइल काढला आणि चुलीजवळच्या टेबलफॅनपुढे जाऊन वाकला. "पोचलो वर! अगं, वारा काय सुटलाय!" आणि मोबाइल पंख्याच्या जाळीला लावून धरला. पुरेना म्हणून गाल फुगवून तोंडानेही फुंकला.

फोटोवाल्याच्या दुकानात दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं. तिला आपल्याच आवाजाची लाज वाटली, त्या पंख्याला 'जपून या' म्हणणाऱ्या.

कॅमेऱ्यात चहावाला गल्ला पुसत हसत होता. "साहेब, तीन वर्षं झाली. एकदा तरी वर जाऊन या."

"गेलो होतो. पहिल्याच रविवारी. तिसऱ्या वळणावर घसरलो." इन्स्पेक्टर परत खुर्चीत बसला. "तेव्हापासून त्या वळणाशी गेलं की पाय लटलटतात बघ. पण बुधवारी चढणार आहे. मुलीला सोडायचंय पलीकडे."

"मुलीला घेऊन? पहिल्यांदाच?"

"अरे, ती मागे बसली की लाजेकाजेस्तव तरी चढवीन. एकटा असलो की माघारी वळावंसं वाटतं. ती असली की वळता येणार नाही ना."

चहावाल्याच्या हातातलं फडकं थांबलं. "साहेब, असं नका करू," तो म्हणाला.

तेवढं एक वाक्य त्या पावणेदोन तासांत शहाणपणाचं होतं, आणि ते ज्याच्यासाठी होतं त्याने दुसरा चहा मागवला.

आता तिला सगळं उमगलं. कॅमेरा ठरत नव्हता, कारण कॅमेरा ठरला असता तर घाट दाखवावा लागला असता. दहा महिने त्या बिचाऱ्या यंत्रांच्या माथी फुल्या मारल्या, त्या खरं तर कुणाला मारायच्या होत्या? नाचता येईना, अंगण वाकडं, एवढंच असतं तर तिने हसून सोडून दिलं असतं. भित्रा नवरा काही गुन्हा नाही. तिला स्वतःला पाण्याची भीती वाटायची. पण स्वतःची भीती काढायला पोटच्या पोरीला मागे बांधून नेणारा माणूस? आणि तिला सांगणार काय, तर मी दर रविवारी जातो!

"हे माझ्या मोबाइलवर टाकून द्या," तिने फोटोवाल्याला हाक मारून सांगितलं. रस्ता ओलांडून आली, आपल्याच स्थानकाच्या तिकीट खिडकीवर गेली आणि बुधवारच्या सकाळच्या गाडीची पुढची, दारामागची जागा घेतली.

संध्याकाळी बबडी मैत्रिणींना भेटायला गेली होती. इन्स्पेक्टर सोफ्यावर बसून हातमोज्यांना मेण लावत होता. तिने मोबाइल त्याच्यासमोर धरला. आरसा आला तेव्हा त्याचा हात नकळत केसांवरून फिरला. चहाचं दुकान आलं तेव्हा हात थांबला. पंखा आला. गाल फुगले. चहावाला बोलला. ती वाट बघत होती. आता मान खाली जाईल, निदान चिडेल तरी.

इन्स्पेक्टरने मोबाइल कानाजवळ नेला. "आवाज काय स्वच्छ आलाय गं," तो म्हणाला. "पंख्याची एवढी घरघर, तरी शब्दन्‌शब्द कळतोय."

तिने मोबाइल काढून घेतला. "अहो," ती म्हणाली, "पोरीला मागे बसवून तुम्ही घाट शिकणार होतात?"

"शिकणार काय? येतो मला. सरावाचा प्रश्न आहे."

"किती वेळा वर गेलात तीन वर्षांत?"

"एकदा... अर्ध्यापर्यंत."

"तिसऱ्या वळणापर्यंत."

"तेच ते. अर्ध्याच्या जवळपास."

"एकवीस वळणं आहेत. आमचे ड्रायव्हर रोज माझ्या खिडकीशी उभे राहून मोजतात."

तो हातमोजे घडी घालून बाजूला ठेवत हळूच म्हणाला, "बबडीला दाखवू नकोस हं."

"मी नाही दाखवत. पण बुधवारी ती बसने जाणार. तिकीट काढलंय. हे तिला तुम्ही सांगायचं. कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

त्याने बघितलं. बबडी आली, चपला काढतेय तोवरच त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, बाईकचं राहू दे ह्या वेळी. आईला भीती वाटते गं. मला तिचं मन मोडवत नाही. शिवाय कॅमेराही मनासारखा मिळाला नाही. तुझ्या सुट्टीत जाऊ."

बबडीने आईकडे असं पाहिलं की तिच्या हातातला मोबाइल जड झाला. "आई, तुला प्रत्येक गोष्टीत भीती," ती म्हणाली. "स्वतः त्या खिडकीतून कधी बाहेर पडली नाहीस आणि आम्हालाही पडू देत नाहीस."

इन्स्पेक्टर समजूतदार चेहरा करून उभा होता. असा चेहरा करायला मुळीच लाज नसलेली माणसंच लागतात.

अंगठा हलवायचा, एवढंच होतं. एकदा दाबलं की सगळं दिसलं असतं, पंखा, माशी, सगळं. चौकशीबाईने मनात देवाचं नाव घेतलं आणि तोंड आवरलं. पोरगी बसमध्ये बसणार, तेवढंच तिला हवं होतं. त्यासाठी चार दिवस पोरीच्या शिव्या खाव्या लागल्या तर खाऊ. शिव्यांनी हाडं मोडत नाहीत.

बुधवारी बस सुटली. बबडीने बापाला हात केला, आईकडे पाहिलं नाही. बापाने जर्किन घातलं होतं. बसस्थानकात, उन्हात, कशाला ते देव जाणे.

दुपारी फोन आला तो बापाच्याच मोबाइलवर. दोघंही घरी होती. आवाज बाहेर येत होता.

"बाबा, काय वळणं आहेत हो! मी तर मध्ये डोळेच मिटून घेतले. खाली बघवत नाही. तुम्ही हे दर रविवारी करता?"

इन्स्पेक्टरने भिंतीकडे पाहिलं. "सवय लागते गं," तो म्हणाला.

"आई आहे का?"

"आहे."

"सांगा तिला, पोचले म्हणून." आणि फोन ठेवला.

चौकशीबाई जागची उठली. आवाज न चढवता ती म्हणाली, "रविवारी मी तिला भेटायला जाणार. सकाळच्या गाडीने. तुमचंही तिकीट काढते."

"रविवारी ग्रुप असतो माझा."

"जर्किनं राखायला दुसरा माणूस बघतील ते. तुम्ही माझ्या शेजारी बसून तो घाट चढायचा, सगळी एकवीस वळणं. आणि तिथं पोचल्यावर तुमच्या तोंडाने लेकीला सांगायचं, मी आज पहिल्यांदा वर आलो म्हणून. नाही सांगितलंत तर मग मी तिला ते शूटिंग आवाज मोठा करून दाखवीन. तुम्हीच म्हणालात, शब्दन्‌शब्द कळतोय."

त्याने जर्किन काढून खुंटीला अडकवलं. तिला वाटलं, आता कुठे पोचलं आत. चला, देवाला डोळे आहेत.

"बसची खिडकी उघडते का गं?" इन्स्पेक्टरने विचारलं. "नाही म्हणजे, बंद काचेतून शूट केलं की चमक मारते."

"उघडते," ती म्हणाली. "पण डोकं आत ठेवायचं."